टिटलिसच्या घसाऱ्यावरचं गवत आपल्या गडावर लावता येईल का?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे माझी समजण्यात काही गफलत झाली असेल तर लगेच लक्षात येईल. जुलैच्या शेवटी तुम्ही घरच्यांबरोबर स्वित्झर्लंडला गेला होतात. टिटलिस शिखराच्या वाटेवर श्टांड स्टेशनला केबल कार बदलावी लागते. तिथे रांग लांबलचक होती, म्हणून तुम्ही जरा बाहेर पडलात, तर नुसत्या दगडांच्या उतारावर गवताचे हिरवेगार ठोंब उभे. त्यातल्या एकाच्या तुऱ्यात दाण्यांच्या जागी चक्क इवली इवली रोपं फुटलेली होती. दुसरा फोटो खाली ट्रुबसे तळ्यावरून योखपासकडे जाताना काढलेला आहे, त्यात निळसर पानांचं एक गवत दगडांमधून सरपटत गेलेलं दिसतं. तुम्ही नाशिककडच्या एका दुर्गसंवर्धन गटात काम करता. तुमच्या गडाच्या नाळेत, म्हणजे वर चढणाऱ्या अरुंद घळीत, दर पावसाळ्यानंतर घसारा (सुट्या दगड-मातीचा घसरता उतार) वाढत चाललाय. म्हणून तुम्ही विचारताय: तुऱ्यातली रोपं हा काही रोग आहे का, या गवतांची नावं काय, आणि त्यांचं बी आणून गडावर पेरलं तर घसारा थांबेल का? शिवाय एक तुरा तुम्ही वहीत दाबून आणलाय, तो लावला तर जगेल का, हेही हळूच विचारलंय.

रोग नाही. नावं सांगते. गडावर मात्र ते जगणार नाही. पण नुसतं ‘नाही’ म्हणून मोकळं होणं मला पटत नाही, कारण तुमचा खरा प्रश्न गवताच्या नावाचा नाहीच. हलता उतार स्थिर कसा होतो आणि त्यात गवताचा वाटा किती, हा आहे. गेली १९ वर्षं मी आल्प्समध्ये हेच काम करते: स्कीच्या उतारांवर, केबल कारच्या खांबांभोवती, रस्त्यासाठी कापलेल्या डोंगरांवर पुन्हा गवत आणणं. त्यातली निम्मी वर्षं चुका करण्यात गेली, त्यांचाही उपयोग होईल.

आधी पहिलं गवत. पोआ अल्पिना. लिनियसने १७५३ मध्ये याचं शास्त्रीय वर्णन केलं, आणि आल्प्समध्ये साधारण १५०० ते ३००० मीटरच्या पट्ट्यात ते इतकं सर्रास दिसतं की इथे त्याच्याकडे कोणी वळूनही बघत नाही. फोटोवरून गवत ओळखणं हा एरवी फसवा धंदा आहे, पण तुमच्या फोटोत तीन गोष्टी नीट दिसतात. पान आखूड आणि गवताच्या मानाने रुंद आहे, टोकाला एकदम निमुळतं होऊन होडीच्या नाळेसारखं वळलेलं. बुंध्याशी जुन्या पानांच्या वाळक्या आवरणांचा जाड थर आहे, कांद्यावर साली असाव्यात तसा. आणि तुऱ्यावर जांभळट झाक आहे. पोआच्या घराण्यात रोपं धरणारी आणखीही गवतं आहेत, पण त्यातलं एक खालच्या कोरड्या जागांचं आणि बुंध्याला लसणीच्या कुडीसारखी फुगीर गाठ असलेलं. श्टांडला, २४२८ मीटरवर, असं रुंद पान आणि असा बुंधा असेल तर मी पैज लावायला तयार आहे.

तुऱ्यातल्या रोपांना ‘बी झाडावरच रुजलं’ असं सगळे म्हणतात. ते बरोबर नाही. झाडावर बी रुजणं म्हणजे काय ते बघायचं असेल तर कोकणातल्या खाडीकाठी जा. कांदळाचं बी झाडावर लटकत असतानाच रुजतं आणि लांबलचक शेंगेसारखं खाली येतं. तिथे खरंखुरं बी असतं, परागीभवन होऊन तयार झालेलं. पोआ अल्पिनाच्या या प्रकारात बीच नसतं. जिथे फूल व्हायचं तिथे सरळ पालवी फुटते. त्याचा जवळचा नातलग शोधायचा तर शेताच्या बांधावरचं घायपात बघा. त्याच्या उंच दांड्यावर फुलं येऊन गेली की छोटी छोटी रोपं लागतात आणि खाली पडून रुजतात, तसंच हे. किंवा पानफुटी. म्हणजे तुऱ्यातलं प्रत्येक रोप ही आईचीच हुबेहूब प्रत.

एवढा खटाटोप कशासाठी, तर वेळ नाही म्हणून. त्या उंचीवर बर्फ जूनच्या मध्याला किंवा शेवटाला वितळतं, सप्टेंबरात पुन्हा पडू लागतं, आणि ऑगस्टमध्येही एखादी रात्र पांढरी होऊन जाते. दोन-अडीच महिन्यांत फुलायचं, बी धरायचं, ते पिकवायचं, रुजवायचं आणि हिवाळ्याआधी रोपाला अंगात बळ आणायचं. बहुतेक वर्षी हे गणित जमत नाही. रोप तयारच असेल तर मधल्या दोन-तीन पायऱ्या वाचतात. रोपांचं वजन वाढलं की दांडी वाकते, एखादी गारपीट तिला आडवी करते, आणि खाली ओलसर बारीक माती मिळाली तर चार-आठ दिवसांत मुळं धरतात. दगडावर पडलेली बहुतेक मरतात. ‘बारीक माती मिळाली तर’ हे शब्द लक्षात ठेवा, तुमच्या नाळेपर्यंत तेच आपल्याला नेणार आहेत.

सगळी पोआ अल्पिना अशी रोपं धरत नाही. बी धरणारीही आहे, कधी कधी दोन्ही एकाच उतारावर हातभर अंतराने उभी असतात. माझ्या पाहण्यात जसजसं वर जावं तसतशी रोपवाली जास्त दिसते. खालच्या कुरणांतली गुराखी मंडळी दोघींना एकाच नावाने ओळखतात, रोमाये. दुधाळ जनावराला याच्याइतकं चांगलं गवत वर दुसरं नाही, असं त्यांचं म्हणणं, आणि गाईंचंही तेच मत असावं, कारण मिश्र कुरणात त्या आधी याच्यावर तुटून पडतात.

आता दुसरा फोटो. फुलोरा नसल्यामुळे इथे ‘बहुधा’ म्हणते: बहुधा ट्रायसेटम डिस्टिकोफिलम. पानं आखूड, ताठ, निळसर, आणि दांड्याच्या दोन्ही अंगांना कंगव्याच्या दातांसारखी दोन रांगांत बसलेली. नावातच ते सांगितलंय: डिस्टिकोफिलम म्हणजे दोन रांगांत पानं असलेलं. ते चुनखडकाच्या घसाऱ्यावर वाढतं, आणि टिटलिस चुनखडकाचाच आहे. पुन्हा कधी गेलात आणि त्याला सोनेरी-जांभळा, रेशमासारखा चमकणारा तुरा दिसला तर ‘बहुधा’ काढून टाका. या गवताबद्दल मला विशेष माया आहे. पोआ अल्पिना कुरणातही सुखाने राहते, गोठ्यामागच्या शेणखताच्या जागेत तर लठ्ठ होते. दगडांत ती येते ती जागा मिळाली म्हणून. ट्रायसेटम मात्र घसाऱ्याचाच रहिवासी. त्याची धावती खोडं दगडांखालून हात-दोन हात लांब जातात, वरून दगड आले आणि शेंडा गाडला गेला की पुढून नवा शेंडा काढतात. दगड सरकले तर हेही सरकतं. भांडत नाही.

इथे घसाऱ्याबद्दल थोडं सांगायला हवं. (हिशोबाच्या वहीतला नव्हे, ट्रेकरचा घसारा.) आल्प्समधला घसारा म्हणजे वरच्या कड्याचं पडलेलं अंग. भेगांत पाणी शिरतं, गोठून फुगतं, दगड सुटतो आणि खाली ढिगावर येऊन थांबतो. ढिगाचा उतार साधारण ३५ अंशांच्या आसपास राहतो. त्याहून तीव्र झाला की आपणच ढळतो. मोठे धोंडे वेगात लांबवर गडगडतात म्हणून पायथ्याशी मोठे आणि माथ्याकडे बारीक, अशी निसर्गाचीच चाळणी लागलेली असते.

लोकांना वाटतं घसारा म्हणजे वाळवंट. माझ्या पहिल्या उन्हाळ्यात माझ्या वरिष्ठ बाईंनी मला भर ऑगस्टच्या दुपारी एका उतारावर बसवलं आणि दगड बाजूला करत हात आत घालायला सांगितलं. वरचे दगड चटका बसेल इतके तापलेले होते. वीतभर खाली माती गार आणि ओली, चिमटीत धरली तर चिकटणारी. आपल्याकडे भाजीच्या वाफ्यावर पाचटाचं आच्छादन घालतात, तेच काम इथे दगड करतात: ऊन अडवतात, ओल उडू देत नाहीत, आणि वरून वाहून आलेली बारीक माती फटींतून खाली जाऊन साठते. म्हणजे घसाऱ्यावर पाण्याची टंचाई फारशी नसते. अडचण असते ती जमीन जागेवर नसण्याची.

या हलत्या जमिनीवर राहायच्या झाडांच्या वेगवेगळ्या तऱ्हा इथल्या जुन्या वनस्पतिशास्त्रज्ञांनी फार सुंदर टिपून ठेवल्या आहेत. काही ट्रायसेटमसारखी दगडांबरोबर प्रवास करतात. काही मुळाशी एका जागी घट्ट राहून नुसत्या मऊ, लुळ्या फांद्या दगडांवर पसरतात, दगड घसरला तर फांदी वाकते, तुटत नाही. काही गाडली गेली की चिवटपणे उभी वाढत वर डोकं काढतात. काही सतरंजीसारखी पसरून दगड झाकून टाकतात. आणि काही, मुख्यतः दाट ठोंबाची गवतं, दगडांच्या वाटेत धरणासारखी उभी राहतात. ठोंबाच्या वरच्या अंगाला बारीक खडी आणि माती अडते, खालच्या अंगाला छोटी पायरी तयार होते. तुमच्या पहिल्या फोटोत नेमकं हेच आहे. ठोंबाच्या वरच्या बाजूला चिंचोक्याएवढे खडे साठलेत, बघा.

हा फोटो बघून तुम्ही जो निष्कर्ष काढलात तो मीही एकेकाळी काढला होता: गवत आहे म्हणून दगड थांबले. पण फोटो जरा मोठा करून ठोंबाभोवतीचे दगड बघा. त्यांच्यावर करडे-काळे खरखरीत डाग आहेत. ते दगडफूल, आपल्या गोडा मसाल्यातल्या दगडफुलाचे भाऊबंद. दगडफूल अतिशय सावकाश वाढतं आणि उजेडाच्या बाजूलाच वाढतं. म्हणजे हे दगड बरीच वर्षं कूस न बदलता पडून आहेत. आता फोटोच्या उजव्या कडेचे दगड बघा, स्वच्छ, फिकट, ताज्या फुटीचे. तिथे एकही ठोंब नाही. क्रम असा आहे: आधी दगड थांबले, मग फटीत माती साठली, मग गवत आलं, आणि त्यानंतर गवताने ती माती आणि बारीक खडी धरून ठेवली. मुठीएवढ्या दगडापर्यंत ठोंबाचं चालतं. डोक्याएवढा धोंडा ठोंब उपटून घेऊन जातो.

हे मला कसं कळलं? माझ्या तिसऱ्या उन्हाळ्यात एका नव्या लिफ्टच्या खालचा उतार, साधारण २३०० मीटरवरचा, आम्हाला हिरवा करायचा होता. काम देणाऱ्यांना उद्घाटनाआधी हिरवं हवं होतं. वरच्या कड्यातून अजून दगड येत होते, ते मला दिसत होतं, पण मी ‘थांबा’ म्हणाले नाही. बी पेरलं, वाळकं गवत अंथरलं, त्यावर तागाची जाळी खुंट्या ठोकून ताणली. ऑगस्टमध्ये कोवळी हिरवी लव आली, फोटो निघाले. पुढच्या जूनमध्ये बर्फ गेल्यावर बघते तर जाळी चटईसारखी गुंडाळून पायथ्याशी पडलेली, पोटात दगड भरलेले. आठवडाभर आम्ही ते दगड हाताने काढत होतो आणि कोणी कोणाशी फारसं बोलत नव्हतं.

तेव्हापासून कुठल्याही घसाऱ्यावर पहिल्या वर्षी मी बी नेतच नाही. रंगाचा डबा नेते. उतारावर आडवी, सरळ रेघ मारायची, दगडांवरून तशीच ओढत न्यायची, दोन्ही टोकं पक्क्या खडकाला बांधलेली. वर्षभराने येऊन बघायचं. रेघ जिथे सरळ राहिली तिथे गवताला विचारायचं. जिथे ठिपके हातभर खाली उतरले तिथे आधी वरून येणारे दगड नाहीतर पाणी, कशाचा तरी बंदोबस्त करायचा. जिथे रेघच सापडत नाही तिथे नमस्कार करून परत यायचं.

बियाण्याच्या बाबतीतही आल्प्सने बऱ्याच चुका करून घेतल्या आहेत. १९७० च्या दशकात स्कीसाठी बुलडोझरने डोंगर सपाट केले आणि त्यावर खालच्या मैदानातल्या गवतांचं स्वस्त बियाणं भरपूर खतासकट टाकलं. दोन-तीन वर्षं हिरवं दिसलं. खत थांबलं तसं टक्कल पडलं, कारण झाडांच्या रेषेच्या वर ती गवतं बीच धरू शकत नव्हती. जुनं मेलं की नवं येणार कुठून? मग दावोसच्या उतारांवर आणि ऑस्ट्रियात वर्षानुवर्षं प्रयोग झाले आणि मिश्रणं बदलली. आता उंचावरच्या जातींचं बी खालच्या शेतांत वाढवून घेतात. पोआ अल्पिना (अर्थात बी धरणारी), फेस्टुका निग्रेसेन्स, उंचावरचं फ्लिअम, सोबत नत्रासाठी एक-दोन डोंगरी क्लोव्हर, म्हणजे शेंगवर्गीय चाऱ्याची झाडं. आम्ही चौरस मीटरला १० ते १५ ग्रॅम टाकतो. जमीन साधारण ७० टक्के झाकली गेली की पावसाने होणारी धूप आटोक्यात येते, म्हणून आमचं सगळं लक्ष त्या आकड्याकडे असतं. रंगाने हिरवं दिसणं वेगळं आणि ७० टक्के झाकणं वेगळं.

पण यातलं काय कुठे चालेल ते जागेवर ठरतं. चुनखडक आहे की ग्रॅनाइट, उतार कुठल्या दिशेला तोंड करून आहे, दगडाखाली बारीक माती किती, गुरं येतात का, वर किती बर्फ साठतो. २४०० मीटरच्या वर मी सहसा पेरतच नाही. काम सुरू होण्याआधी गवताच्या लाद्या मुळांसकट कापून बाजूला ठेवतो आणि काम संपलं की जशाच्या तशा परत बसवतो. आणि जिथे शेजारी चांगलं कुरण आहे तिथे सगळ्यात सोपी युक्ती वापरतो: बी पिकलं की ते कुरण कापायचं आणि ते गवत तसंच उघड्या उतारावर पसरायचं. त्यात बीही आलं आणि आच्छादनही. जाती निवडायच्या भानगडीत पडायलाच नको, शेजारच्या उताराने त्या आधीच निवडलेल्या असतात.

आता तुमच्या गडाकडे येऊ. पोआ अल्पिना तिथे का जगणार नाही? कळसूबाई, आपलं सर्वांत उंच शिखर, १६४६ मीटर. त्या उंचीवर आल्प्समध्ये अजून सुचिपर्णी झाडांचं जंगल असतं. उघडा डोंगर त्याच्या कितीतरी वर सुरू होतो. शिवाय गवतांच्या अन्न बनवण्याच्या दोन तऱ्हा आहेत. शास्त्रात त्यांना सी-३ आणि सी-४ म्हणतात. आपल्या ओळखीतून सांगायचं तर गहू पहिल्या तऱ्हेचा, ज्वारी-बाजरी-ऊस दुसऱ्या. गव्हाला थंडी लागते, म्हणून तो रब्बीत. ज्वारी-बाजरी कडक उन्हात, कमी पाण्यात जोमाने वाढतात. आल्प्सच्या वरच्या पट्ट्यातली गवतं पहिल्या तऱ्हेची. सह्याद्रीच्या उघड्या उतारांवरची बहुतेक दुसऱ्या. पोआ अल्पिनाला तुमच्या गडावर एप्रिलच्या दुपारी तर सोडाच, मेच्या रात्रीसुद्धा भागणार नाही. रात्रीच्या उकाड्यात दिवसभराची कमाई ती श्वासातच उडवेल. आणि चार महिने धो-धो पाऊस, मग आठ महिने कोरड, या वेळापत्रकाची तिला सवयच नाही.

काश्मीरच्या उंच भागात पोआ अल्पिना आहे, म्हणून ‘भारतात आहेच की’ असं कोणी म्हणेल. काश्मीरचं सफरचंद नाशिकला येतं म्हणून त्याचं झाड येतंच असं नाही.

कायद्याचंही सांगून ठेवते. परदेशातून बी, रोप, माती आणायची तर २००३ च्या प्लँट क्वारंटाइन आदेशाप्रमाणे परवाना आणि तिथल्या सरकारचं आरोग्य प्रमाणपत्र लागतं. हे नुसतं कागदी घोडं नाही. पुण्यात १९५० च्या दशकात दिसलेलं गाजरगवत आज कुठे नाही ते सांगा. तुमचं गवत मरणारच आहे, त्यामुळे त्याच्यापासून धोका कमी, पण त्याच्या मुळाशी चिकटलेल्या मातीत काय बसलंय ते कोणी पाहिलंय?

मग नाळेचं काय करायचं? इथे मला आधी तुम्हालाच विचारावं लागेल, कारण तुम्ही ज्याला घसारा म्हणता तो आल्प्ससारखा कड्यातून पडणारा आहे की वाटेचा मुरूम सुटून झालाय, यावर सगळं अवलंबून आहे. मी सह्याद्रीत ज्या नाळा चढले-उतरले आहे, तिथे दोन्ही एकत्र असतं. नाळेच्या मध्यभागी पावसाळ्यात ओढा वाहतो. तिथले धोंडे पाण्याने आणलेले असतात आणि तिथे कुठलंही गवत लावणं म्हणजे नदीच्या पात्रात घर बांधणं. तो भाग सोडा. कडेच्या मुरमाड उतारावर, जिथून वाट जाते, तिथे मात्र घसारा बऱ्याचदा आपल्याच पायांचा असतो. एक वळण टाळायला दहाजण सरळ खाली उतरतात, ती चाकोरी पहिल्या पावसात पन्हळ होते, पुढच्या वर्षी घळ. त्यात उन्हाळ्यात वणवा लागून गेला असेल तर जूनच्या पहिल्या सरीला जमीन उघडीच सापडते.

म्हणून माझा क्रम असा राहील. या पावसाळ्याआधी रंगाची रेघ. गड संरक्षित असेल तर पुरातत्त्व विभागाला आणि जमीन वनखात्याची असेल तर त्यांनाही विचारून. आणि पक्क्या कातळाला रंग लावू नका, सुट्या दगडांवर ठिपके पुरेत, दोन्ही टोकांना दोरी धरून जागा मोजून ठेवली की झालं. पाऊस चालू असताना एकदा, पायाला जपून, बाजूच्या सुरक्षित जागेवरून पाणी कुठून वाटेत शिरतं ते बघा. त्या जागी तिरपे दगड बसवून पाणी वाटेबाहेर काढा. चुना-सिमेंटची गरज नाही, कोरडी रचाई चालते. शॉर्टकटच्या तोंडाशी काट्याकुट्या टाका. एवढं केल्यावर कडेच्या उतारावर रेघ जिथे सरळ राहील तिथेच गवताचा विचार.

आणि गवत गडाच्या शेजारच्या उतारावर उभंच आहे. डोंगरी, पवन्या, कुसळी ही मुरमाड चढावर राहणारी मंडळी. खोल माती असेल तिथे मारवेल. आमची कुरण कापून पसरायची युक्ती इथे थोडी बदलून वापरता येईल. आमच्याकडे कापलेलं गवत त्याच दिवशी पसरतात. तुमच्याकडे बी पिकतं ते ऑक्टोबर-नोव्हेंबरात, त्यापुढे आठ महिने कोरडे. पण ते अडचणीचं नाही, उलट सोयीचं आहे. यातल्या बऱ्याच गवतांचं ताजं बी काही महिने झोपून राहतं, लगेच रुजतच नाही. गवत तुऱ्यासकट कापून, वाळवून, पोत्यात भरून कोरड्या जागी ठेवा आणि मेच्या अखेरीला पसरा. वरून काथ्याची जाळी मिळाली तर उत्तम. इथे युरोपातही नारळाच्या काथ्याच्या जाळ्या आम्ही सर्रास वापरतो, तुम्ही तर कोकणच्या शेजारी आहात. नसेल तर करवंदीच्या वाळक्या फांद्या आडव्या टाका. कुसळीला तर कोणी पेरायचीही गरज नसते. पायमोज्यात अडकणारं ते कुसळ दमट हवेत पीळ सोडतं, कोरड्या हवेत पुन्हा पीळ घेतं, आणि तसं करत करत बी स्वतःच जमिनीत घुसवतं.

जिथे घाई आहे, म्हणजे वाटेच्या अगदी कडेला, तिथे बियाण्यावर विसंबू नका. पहिले एक-दोन मोठे पाऊस होऊन जमीन भिजली की शेजारचेच ठोंब थोडे-थोडे फोडून लावा, आडव्या ओळीत, एका ओळीतला ठोंब खालच्या ओळीतल्या फटीसमोर येईल असे. एकाच जागेचे सगळे ठोंब काढू नका, नाहीतर तिथे दुसरा घसारा तयार व्हायचा. पहिल्या वर्षी निम्मे गेले तरी खचू नका, आमचेही जातात. आणि त्या पट्ट्यात दोन वर्षं गुरं आणि वणवा येऊ दिला नाहीत तर बाकी सगळं चुकलं तरी बरंच काही साधेल. हे गावातल्या लोकांशी बोलल्याशिवाय होणार नाही. त्यांना त्याच डोंगरावरून चारा हवा असतो, तो पट्टा सोडून कुठून मिळेल ते आधी ठरवा.

दसऱ्यानंतर रेघेचा फोटो काढलात तर मला जरूर पाठवा. पावसाआधीचा आणि नंतरचा, दोन्ही एकाच जागी उभं राहून, शेजारी काठी किंवा मोजपट्टी ठेवून.

वहीतला तुरा लावू नका. बी वाळलं तरी वर्षानुवर्षं टिकतं, पण ही रोपं आहेत, वाळली की मेली. रोपवाल्या प्रकाराचं बियाणं बाजारात मिळत नाही त्याचं कारण तेच. तुरा वहीतच राहू द्या, आणि शेजारी पेन्सिलीने लिहून ठेवा: पोआ अल्पिना, श्टांड, २४२८ मीटर, चुनखडकाचा घसारा, जुलै. शाईने नको, ओल लागली की पसरते.